रेघेमागे रेघ

“सूचना जशी छापली आहे तशीच वाचायची. प्रेमापोटीसुद्धा एक शब्द वाढवायचा नाही. आणि प्रयोग झाला की प्रयुक्ताला नुसतं ‘या आता’ म्हणून घरी पाठवायचं नाही. त्याचं काय झालं, ते त्याला सांगायचं.”

वझे मॅडमांचा हा आवाज जवळजवळ चाळीस वर्षं माझ्या कानात आहे. मी कोल्हापुरात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होते, तेव्हा त्या आमची प्रात्यक्षिकं घेत. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला आम्ही प्रयुक्त म्हणतो. आमच्या वर्गात तो मान बहुतेक वेळा बाकावरच्या मैत्रिणीलाच मिळे. तिच्यापुढे आरसा ठेवायचा, आरशात बघून तिने चांदणी गिरवायची, आणि तिच्या चुका आपण मोजायच्या. मैत्रीण रडकुंडीला आली तरी “अगं, जमेल तुला” म्हणायचं नाही, कारण सूचनेत ते छापलेलं नाही.

पुढे मी गडहिंग्लजच्या कॉलेजात शिकवू लागले आणि तेच माझ्या मुलांना सांगत आले. ते मोडलं मीच, यंदाच्या मार्चमध्ये, आरोही चौगुलेच्या परीक्षेला.

त्याआधी साध्यांबद्दल सांगायला हवं. मानसशास्त्राच्या पदवीची पाच साध्यं असतात. शास्त्राचं ज्ञान, पुरावा बघून विचार करणं, नीतीने वागणं, माणसाशी संवाद, आणि पुढच्या कामाची तयारी. पूर्वी ती फाइलच्या पहिल्या पानावर छापलेली असत आणि वर्षाच्या शेवटी आम्ही तक्त्यात खुणा करून मोकळे होत असू. चौथ्या साध्यात संवादाबरोबर समानुभूतीही येते. त्या रकान्यात मी सगळ्यांनाच बरोबरची खूण करत असे. कोणाला दुसऱ्याचं दुःख कळतं आणि कोणाला नाही, हे पेनाने कसं ठरवणार?

तीन वर्षांपूर्वी, दोन हजार पस्तीस साली, ते ठरवणारं यंत्र आलं. त्याचं नाव साध्यमापक. दिसायला अगदी साधं आहे, मनगटावर पट्टा आणि छातीवर रुपयाएवढी चकती. दोन माणसं समोरासमोर बसतात. एक आपली खरी अडचण सांगतो, दुसरा बारा मिनिटं ऐकतो. सांगणाऱ्याला वक्ता म्हणायचं आणि ऐकणाऱ्याला श्रोता. दोघांचा श्वास, नाडी आणि तळहाताचा घाम यंत्र सेकंदासेकंदाला नोंदवतं.

त्यामागचं शास्त्र जुनंच आहे. माणूस मन लावून ऐकू लागला की त्याचं शरीर बोलणाऱ्याच्या मागोमाग चालू लागतं. बोलणाऱ्याचा श्वास चढला की दोन-तीन सेकंदांनी ऐकणाऱ्याचाही थोडा चढतो. त्याची नाडी उतरली की याचीही उतरते. कागदावर काढलं तर एका रेघेच्या मागे दुसरी रेघ जाताना दिसते. ही रेघ जितकी जवळून मागे जाईल तितके श्रोत्याला गुण. हजारो चांगल्या समुपदेशकांच्या नोंदी देऊन यंत्राला हे शिकवलेलं. नाटक चालत नाही, खोटं दुःख शरीर वठवत नाही. म्हणून गावातली खरी माणसं वक्ते म्हणून येतात. शंभरात साठ गुण मिळाले की सहायक समुपदेशकाचं प्रमाणपत्र मिळतं आणि आरोग्य केंद्रात नेमणूक होते.

आरोहीची नेमणूक नेसरीच्या केंद्रात जवळपास ठरलेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई तिला ओळखत होत्या. अडचण साठ गुणांची होती.

मुलगी गुणी. प्रात्यक्षिकाची वही अशी लिहिणारी की माझ्या वझे मॅडमांनीही मान डोलावली असती. माझ्याकडे आलेख अजून पेन्सिलीने, आलेख कागदावर काढायचा असतो. कच्ची नोंद हाताखालून गेल्याशिवाय माणूस डोळ्यांसमोर येत नाही असं मला वाटतं. मुलं हसतात. “मॅडम, हा कागद फक्त आपल्यासाठीच छापतात म्हणे,” आरोही म्हणायची, आणि सर्वांत नीट आलेख तिचाच असायचा.

परीक्षेला तिचे वक्ते होते नूल गावचे दुंडाप्पा आजोबा. वीज मंडळातून निवृत्त झालेले वायरमन, वय पंच्याहत्तर. खुर्चीवर असे बसले होते की जणू आताच खांबावर चढायचंय. आरोहीच्या मनगटावर पट्टा बांधताना तिचा हात मला गार लागला. मी छापील सूचना वाचली. “समोरची व्यक्ती बोलत असताना नेहमी ऐकता तसे ऐका.” आणि तिच्या गार हाताकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, “शांतपणे ऐक हं, बाळ.”

मग मी काचेपलीकडे जाऊन बसले. नियमाप्रमाणे फॉर्मवर आजोबांची सही होती, परीक्षकाने ऐकायला त्यांची हरकत नव्हती. आणि त्यांनी आता मला हे लिहायलाही परवानगी दिली आहे, म्हणून लिहिते.

“माझी मालकीण, रत्नव्वा,” आजोबा सांगू लागले, “दोन वर्षं झाली, इसरायला लागलीया. मला भाऊ म्हणती. तेचं काय न्हाई. भाऊ तर भाऊ. पर परवा गॅस उघडा टाकला, आनि मी वरडलो. जोरात वरडलो. तर ती कोपऱ्यात गेली आनि हात जोडून म्हनाली, मारू नका, मी घरला जातो. पन्नास वर्सांत बोट लावलं न्हाई म्या तिला.”

त्यांचा श्वास भात्यासारखा होऊ लागला. आरोही हलली नाही. तिने मान तिरकी केली, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले आणि बघत राहिली. मधेच एकदा विचारलं, “मग तुम्ही काय केलंत, आजोबा?”

“काय करनार. लांब जाऊन बसलो. माझीच मला भीती वाटायला लागली बघ.”

बारा मिनिटं संपली. उठताना त्यांनी मनगटावरच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. “पोरी, ह्यात माझं काय उतरलं, ते मला कळंल का?”

“सांगते, आजोबा. मी स्वतः येऊन सांगते.”

आजोबा गेले आणि पडद्यावर गुण आले. एकतीस.

देसाई सर आमच्या विभागातले दुसरे आणि शेवटचे प्राध्यापक. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, यंत्राची देखभाल त्यांच्याकडे. त्यांनी पडदा दोनदा पुसून बघितला, जणू धुळीने आकडा बदलला असावा.

“चकती नीट लागली नसेल,” मी म्हटलं.

“चकती ठीक आहे, मॅडम. रेघ बघा तिची. आजोबा एवढे हललेत आणि हिची रेघ खालीच. हिला काही वाटलंच नाही, असं दिसतंय.”

तेव्हा मला माझा तो एक शब्द आठवला. शांतपणे. ज्या परीक्षेत श्रोत्याच्या शरीराने हलावं अशी अपेक्षा, तिथे मी तिला न हलण्याची सूचना दिली होती. मी सरांना ते सांगितलं.

“हे बघा,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “सूचनेचा आवाज यंत्र नोंदवत नाही. बारा मिनिटं सुरू झाली की मगच नोंद सुरू होते. कोणाला कळणार आहे?”

“वझे मॅडमांना.”

“त्या असतात का अजून?”

“नाही.”

“मग?”

“म्हणूनच,” मी म्हटलं. जिवंत माणसाची निदान माफी तरी मागता येते.

ही परीक्षा घेणाऱ्या साध्य मंडळाला मी पत्र लिहिलं. सूचनेत माझ्याकडून एक शब्द वाढला, परीक्षा रद्द धरावी, दोष विद्यार्थिनीचा नाही. उत्तर चार दिवसांत आलं. पुन्हा परीक्षा मंजूर, त्याच वक्त्यासह, पंधरा दिवसांनी. परीक्षक देसाई सर. माझे परीक्षक म्हणूनचे अधिकार निवृत्तीपर्यंत थांबवले होते. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. सर माझ्यापेक्षा जास्त कासावीस झाले. मी म्हटलं, “अहो, बरं झालं. सोमवारी माझं व्रत, दुपारपर्यंत मौन असतं. परीक्षा सोमवारी आली की माझी फार पंचाईत व्हायची.”

हसले बिचारे.

या पंधरा दिवसांत मी एक गोष्ट केली, जी करायला नको होती. आरोहीला सरावाला बोलावलं. मंडळाच्या नियमात सरावाला बंदी नाही. वर्गात दोघीच होतो. आम्ही पट्टे बांधले आणि मी वक्ता झाले.

“आज माझ्या श्वासाकडे लक्ष ठेव,” मी तिला म्हटलं. “माझा चढला की तुझा चढू दे. उतरला की उतरू दे. एवढंच करायचं.”

“आणि बोलणं, मॅडम?”

“ते होईल आपोआप.”

मी माझ्या आईचं सांगितलं. ती शेवटच्या दुखण्यात होती आणि मी पेपर तपासणीला कोल्हापुरात. तिने दोनदा माझं नाव घेतलं होतं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा मी बसमध्ये होते. हे मी आजवर फार कमी जणांना सांगितलंय. बोलता बोलता माझा श्वास अडकू लागला आणि समोर आरोहीचाही अडकू लागला. माझे खांदे वर गेले, तिचेही. वाटलं, खोलीतली हवा कमी होतेय. बारा मिनिटं संपली तेव्हा मला पाणी प्यावं लागलं.

पडद्यावर अठ्ठ्याहत्तर.

मग तिने विचारलं, “मॅडम, तुम्हाला बरं वाटलं का?”

व्रताचं माणूस आहे मी, खोटं बोलवेना. “नाही गं. सुरुवातीपेक्षा वाईट वाटलं.”

“मला पण.” ती पट्टा सोडवू लागली. “मॅडम, माझ्या आईला दमा आहे. ऊस तुटून गेला की शेतात पाला पेटवतात ना, त्या दिवसांत तिला फार त्रास होतो. मी लहान असताना तिचा श्वास लागला की मी पण रडायचे, धापा टाकायचे. मग तिचा अजून वाढायचा. एकदा पंप संपला होता. घरात कोणी नाही. मी तिचा हात धरून माझ्या छातीवर ठेवला आणि म्हटलं, आई, माझ्यासारखा घे. मी सावकाश घेत राहिले, तिला जमेपर्यंत. तेव्हापासून समोरचा घाबरला की माझा श्वास आपोआप खाली जातो. मी मुद्दाम नाही करत.”

“म्हणजे आजोबांच्या वेळी...”

“तुम्ही ‘शांतपणे’ म्हणाला होतात, ते मला ऐकूच आलं नव्हतं, मॅडम. मी घाबरले होते.”

मी ज्या शब्दासाठी मंडळापुढे उभी राहिले, तो मुलीपर्यंत पोचलाच नव्हता. मला हसूच आलं.

“आता काय करणार आहेस?” मी विचारलं. “तुला जमतंय हे. पुढच्या गुरुवारी बारा मिनिटं असंच केलंस तर नेसरी तुझं.”

ती पट्ट्याची घडी घालू लागली. “आजोबांना आधीच स्वतःची भीती वाटतेय. त्यांच्यासमोर मी धापा टाकू?”

यावर बोलायचा अधिकार मी पंधरा मिनिटांपूर्वी घालवला होता.

गुरुवारी देसाई सरांनी छापील सूचना छापल्याप्रमाणे वाचली. आजोबांच्या परवानगीने मीही सरांबरोबर काचेपलीकडे बसले. आजोबा तेच बोलले, पण या वेळी पुढेही बोलले. रत्नव्वाचा भाऊ कसा होता, लग्नाआधी तिला खांद्यावर बसवून जत्रेला कसा न्यायचा, ते सांगितलं. “म्हंजे ती मला भाऊ म्हनती तवा तिला बरं वाटत असंल, न्हवं?” असं त्यांनीच विचारलं आणि स्वतःच मान हलवली. त्यांचे खांदे खाली आलेले मला काचेतून दिसले.

गुण आले तेहेतीस.

आरोहीने पडदा बघितला, सरांना नमस्कार केला आणि घरी गेली. जाताना मला म्हणाली, “तुम्ही जेवून घ्या, मॅडम.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले. आम्हा लिंगायतांकडे गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडे एकटक बघायचं असतं. त्या दिवशी मन कुठे लागतंय. तेहेतीस, तेहेतीस, एवढंच आत चाललेलं. पण हात स्थिर होता, लिंग स्थिर होतं, आणि हळूहळू माझा श्वास उतरला, रोज उतरतो तसाच. आणि एकदम मनात आलं, आमच्या यंत्राने माझ्या इष्टलिंगाला समानुभूतीत शून्य गुण दिले असते. माझ्याबरोबर ते कधीच हलत नाही. मीच त्याच्यामागे जाते.

पूजा मी पुरी केली. घाई केली नाही, पण नैवेद्याला साखर ठेवली की गूळ, ते आता आठवत नाही.

कॉलेजात जाऊन सरांकडून दोन्ही परीक्षांची कच्ची नोंद मागितली आणि आरोहीला बोलावलं. टेबलावर आलेख कागद पसरला. आजोबांचा श्वास तांबड्या पेन्सिलीने, तिचा निळ्या. दर दहा सेकंदांना एक टिंब, बारा मिनिटांची बहात्तर टिंबं. तिने आकडे वाचले, मी टिंबं दिली, मग टिंबं जोडायला पेन्सिल तिच्याकडे दिली.

दुसऱ्या परीक्षेत निळी रेघ सुरुवातीलाच खाली उतरून तिथेच राहिली होती, अधूनमधून किंचित वर जाऊन परत येत होती. तांबडी वर, डोंगरासारखी. चौथ्या मिनिटापर्यंत दोघींचा काही संबंध दिसेना. मग तांबडी उतरू लागली. निळी थोडी वर गेली की वीसेक सेकंदांनी तांबडी थोडी वर. निळी खाली, मग तांबडी खाली. नवव्या मिनिटाला ती निळीच्या शेजारी येऊन टेकली होती. पहिल्या परीक्षेत टेकली नव्हती, पण वाट तीच धरली होती.

“सर,” मी हाक मारली, “यंत्र कोणाची रेघ कोणाच्या मागे बघतं?”

“श्रोत्याची, वक्त्याच्या मागे.” ते कागदावर वाकले. “उलट बाजू ते... बघतच नाही. तसं शिकवलंच नाही त्याला.”

“का नाही शिकवलं?”

“कारण कोणी विचारलं नाही, मॅडम.” ते खुर्ची ओढून बसले. “अहो, आजोबा हिच्या मागे आलेत. आणि मी म्हटलं होतं, हिला काही वाटलं नाही.” मग आरोहीकडे बघून म्हणाले, “चौगुले, सॉरी बरं का.”

“असू दे, सर. मलापण तसंच वाटायला लागलं होतं.”

सरांनी दोन दिवस, दोन रात्री बसून जुन्या एकशे चाळीस नोंदी उलट बाजूने तपासल्या. अशी आणखी सहा मुलं निघाली. नापास. त्यांतली दोघं शिक्षण सोडून गेली होती. आम्ही तिघांनी सह्या करून मंडळाला अहवाल पाठवला. आलेख कागदाचा फोटो जोडला, पेन्सिलीच्या खाडाखोडीसकट.

निकाल मे महिन्यात आला, पडद्यावरच्या बैठकीत. मंडळाच्या अध्यक्षबाई सौम्य बोलल्या. मुद्दा महत्त्वाचा आहे. पुढच्या वर्षीपासून दोन्ही दिशा मोजल्या जातील. त्या सहाही मुलांना पत्रं जातील. परंतु एका विद्यार्थिनीसाठी चालू वर्षाचं मोजमाप बदलता येत नाही. आरोहीने पुढच्या मार्चमध्ये पुन्हा बसावं.

म्हणजे नेसरीची जागा गेली. ती दुसऱ्या कोणाला तरी मिळणार होती, ज्याची रेघ मागोमाग गेली होती. तोही चांगलाच मुलगा असेल, असं मी मनाला सांगितलं.

पडदा बंद झाल्यावर देसाई सर म्हणाले, “मी वर लिहितो अजून. कुलगुरूंना लिहितो.”

“लिहा,” मी म्हटलं. “मीही लिहिते. पण आधी हिला काहीतरी खायला मागवा.”

आरोहीने भडंग खाल्लं. आम्हाला वाटलं रडेल, पण तिने भडंगातले शेंगदाणे वेचून आधी खाल्ले, मग बाकीचं. मग म्हणाली, “पाचव्या साध्याचं काय होतं मॅडम? पुढच्या कामाची तयारी?”

“ते तुझं पुरं झालेलं आहे.”

“कागदावर?”

“कागदावर ऐंशी. मला विचारशील तर जास्त.”

ती उठली, कपाट उघडलं आणि तो आलेख कागद काढला. तांबडी रेघ, निळी रेघ. “हा मी नेऊ? आजोबांना सांगायचं राहिलंय. निकाल लागेपर्यंत सांगता येत नव्हतं.”

मी फॉर्म बघितला. प्रयोगानंतर प्रयुक्ताला माहिती देण्यास परवानगी, खाली आजोबांची सही, वायरमनची, सरळ ताठ अक्षरं. मी माझी सही केली.

“त्यांना आलेख कळेल का?” देसाई सरांनी विचारलं.

“विजेची लाइन आयुष्यभर सांभाळलीय त्यांनी,” आरोही म्हणाली. “मी एवढंच दाखवणार, इथे तुम्ही घाबरला होता, आणि इथे तुमचे तुम्ही खाली आलात. रत्नव्वा आजी घाबरल्या तर त्यांचा हात तुमच्या छातीवर ठेवा. आधी तुम्ही सावकाश घ्या.”

दाराशी ती थांबली. “मॅडम, याची सूचना काय द्यायची? छापलेली आहे का कुठे?”

वझे मॅडमांचा आवाज कानात होता, पण ते कोणत्या शब्दांत सांगायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

“नाही छापलेली,” मी म्हटलं. “तुझ्या शब्दांत सांग.”

तिने कागद दुमडू नये म्हणून प्रात्यक्षिकाच्या वहीत ठेवला, वही पिशवीत, पिशवी खांद्याला. जिना उतरली. खिडकीतून मला ती फाटकाबाहेर पडताना दिसली. नूलची बस साडेतीनची असते. ती स्टँडच्या रस्त्याला लागली, घाई न करता, नेहमीच्या चालीने.